सहा फूट तीन इंच, पुढे काय?

"ताई, सप्रेम नमस्कार. सांगलीजवळच्या एका गावातून लिहिते आहे. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, नुकताच दहावी झाला. ७८ टक्के पडले, त्यात खेळाचे वाढीव गुण आहेत. उंची सहा फूट तीन इंच. दीड वर्षात पाच इंच वाढलाय, पँटी पुरत नाहीत. शाळेकडून विभागापर्यंत खेळला, एकदा राज्यस्तराला जाऊन आला. आता म्हणतो, मला प्रोफेशनल बास्केटबॉल प्लेअर व्हायचंय. अकरावीला नुसतं नाव घाला, मी कॉलेजला बसणार नाही. एका मोठ्या शहरातल्या अकॅडमीची माणसं घरी येऊन गेली. राहणं, खाणं, कोचिंग मिळून वर्षाला साडेचार लाख मागतात आणि दोन वर्षांत अमेरिकेची स्कॉलरशिप 'नक्की' म्हणतात. मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, मी शिवणकाम करते. अर्धा एकर विकायचा विषय निघालाय. त्याचे सर म्हणतात, जन्मदाखल्यावर एक वर्ष कमी करून घ्या, म्हणजे अजून वर्षभर खालच्या गटात खेळेल. सासूबाई म्हणतात, बॉल खेळून कुणाचं पोट भरलंय? पोराचा गुडघाही दुखतो मधूनमधून. आणि बारा नंबरच्या पुढचे बूट इकडे मिळत नाहीत, तेवढं कुठे बघायचं तेही सांगा. — एक आई"

ताई, नमस्कार.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात मुद्द्याचं त्याच बोलल्यात. त्यांना सांगा, बॉल खेळून पोट भरतं. माझं भरलं. राज्याच्या संघातून खेळले, बाविसाव्या वर्षी एका बँकेत खेळाडू कोट्यातून लागले. दुपारपर्यंत काउंटरवर पासबुकं भरायची, चारनंतर ग्राउंड. स्पर्धा असली की पंधरा-पंधरा दिवस ऑन ड्यूटी. गुडघे गेले, खेळ सुटला, पण पगार सुटला नाही. आमच्या पिढीत बास्केटबॉलवर पोट भरणं म्हणजे हे होतं, आणि थोडाफार फरक सोडला तर आजही आपल्याकडे ते हेच आहे.

तुमचा मुलगा 'प्रोफेशनल' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मोबाइलमधली एनबीए, म्हणजे अमेरिकेतली ती मोठी व्यावसायिक लीग, असणार. सोळाव्या वर्षी ती नसली तरच काळजी करावी. पण तुम्ही दोघांनी डोळ्यांसमोर वेगळं चित्र ठेवा. भारतात वरच्या दर्जाचा बास्केटबॉल खेळणारे बहुतेक जण कुठल्या तरी खात्यात असतात: रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, वेगवेगळ्या राज्यांची पोलीस दलं. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, ती देशात रेल्वेकडून खेळते. विशेष भृगुवंशी वर्षानुवर्षं भारताचा कर्णधार होता, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संघानं २०१७ मध्ये त्याला करारबद्ध केलं. त्याची नोकरी ओएनजीसीत. मुंबईत नागपाड्याला तर बास्केटबॉल गल्लीत खेळला जातो. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. त्या वस्तीतल्या कित्येक घरांत पहिली सरकारी नोकरी रिंगमधून आली.

मग लीगचं काय, असं तो विचारेल. लीग येतात आणि जातात. २०१५ साली यूबीए नावाची लीग सुरू झाली होती, तिच्यात पुणे पेशवाज नावाचा संघसुद्धा होता. आम्ही हौसेनं बघायचो. दोन-तीन वर्षांत ती गुंडाळली. मग थ्री-ऑन-थ्रीची, म्हणजे तीनास तीन खेळायची, लीग आली. मग २०२२ मध्ये आयएनबीएल आली, सहा शहरांचे संघ, पहिलं विजेतेपद चेन्नई हीटनं नेलं. चांगलं आहे, पोरांना चार पैसे मिळतात, टीव्हीवर दिसतात. पण ताई, हंगाम काही आठवड्यांचा असतो आणि घरभाडं बारा महिन्यांचं. म्हणून लीगचा पैसा वरकड समजायचा. पाया नोकरीचा. परदेशात जमलंच तर ते त्यावरचं शिखर.

आता त्या नोकरीचं गणित नीट ऐका, कारण तुमच्या मुलाचा 'अकरावीला नुसतं नाव घाला' हा बेत इथेच फसतो.

रेल्वेची खेळाडू भरती निघते तेव्हा वयाची अट साधारण १८ ते २५ असते. ग्राउंडवर ट्रायल होते, पण त्याआधी कागद बघतात. राष्ट्रीय स्पर्धेत कितवा क्रमांक, कुठल्या गटात, कधी. आणि शिक्षण. दहावीवर पगाराच्या खालच्या लेव्हलची जागा, लेव्हल २-३ ला बारावी, लेव्हल ४-५ ला पदवी. जाहिरातीगणिक तपशील बदलतात, ढाचा हाच. म्हणजे सारखंच खेळणारी दोन पोरं एकाच दिवशी ट्रायलला गेली, तर बारावी झालेला क्लार्कच्या खुर्चीत बसतो आणि दहावीवाला त्याच खात्यात त्याच्या दोन पायऱ्या खाली. आपल्या राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथेही पदाला लागणारं शिक्षण लागतंच, शिवाय क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाल्यापासून ती पडताळणी चांगलीच कडक झालीय. मुलाची सगळी प्रमाणपत्रं, प्रवेशिका, संघाची यादी, फोटो, पेपरातली कात्रणं एका फाइलीत ठेवा. लॅमिनेशन करू नका. मी केलं होतं. पडताळणीच्या वेळी शिक्का दिसेना म्हणून चार खेपा झाल्या.

अमेरिकेच्या वाटेलाही शाळाच आडवी येते, ही गंमत त्याला मुद्दाम सांगा. तिथे कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या दोन श्रेणींत, डिव्हिजन वन किंवा टूमध्ये, खेळायचं तर खेळाडूचे नववी ते बारावीचे मुख्य विषय तपासले जातात, १६ विषयांचा हिशेब द्यावा लागतो. दांडीवर काढलेली अकरावी-बारावी तिथे अंगाशी येते. तो ज्यासाठी कॉलेज सोडायचं म्हणतोय, त्याच्याचसाठी कॉलेज लागतं.

अकॅडमीबद्दल मी तुम्हाला जरा रागानंच लिहिणार आहे, माफ करा.

सतनामसिंग भामरा हे नाव तुमच्या मुलाला माहीत असेल. पंजाबात बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के नावाच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा. उंची पुढे सात फूट दोन इंच झाली. लुधियानाच्या अकॅडमीत तो घडला, २०१० मध्ये चौदा वर्षांचा असताना त्याला फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत नेलं आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघानं एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी नवी पोरं निवडतात त्यात, ५२ व्या क्रमांकावर त्याला निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. प्रिन्सपाल सिंग तसाच, पंजाबातून ग्रेटर नोएडातल्या एनबीए अकॅडमीत, तिथून ऑस्ट्रेलिया, तिथून अमेरिकेत, एनबीएच्या एक पायरी खालच्या जी लीगमध्ये. या दोघांत एक गोष्ट सारखी आहे ती बघा. दोघेही स्कॉलरशिपवर गेले. ज्या पोराला जगाच्या बाजारात मागणी आहे, त्याच्या बापाकडे कुणी साडेचार लाख मागत नाही. उलट तिकीट पाठवतात. तुमच्याकडे पैसे मागायला माणसं घरी आली, यातच उत्तर आहे.

सगळ्याच पैसे घेणाऱ्या अकॅडम्या लबाड असतात असं मी म्हणत नाही. चांगले कोच असतात, लाकडी कोर्ट असतं, रोज तगडी पोरं समोर असतात, त्याची किंमत आहे. पण 'नक्की' हा शब्द या धंद्यात कुणीही देऊ शकत नाही. ती माणसं पुन्हा आली तर चहा द्या आणि विचारा: गेल्या पाच वर्षांत तुमची कुठली मुलं अमेरिकेत गेली, नावं लिहून द्या. मग मुलाला सांगा, त्या त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर संघाची यादी असते, तिच्यात नाव शोध. नाव सापडलं तर पुढचा प्रश्न, स्कॉलरशिप पूर्ण होती की अर्धी, आणि खेळासाठी होती की मार्कांसाठी. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, तरी 'आमचा मुलगा अमेरिकेत खेळतो' असा फ्लेक्स लागतोच. कॉलेज खेळाडूंना २०२१ पासून जाहिरातीचे पैसे घेता येतात, ही बातमीही ते हमखास सांगतील. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी पोराला ते पैसे घेण्यात मोठी अडचण असते, हे सांगणार नाहीत.

अर्धा एकर विकू नका. एवढं मी तुम्हाला सल्ला म्हणून नाही, हात जोडून सांगते.

सतनामचं पुढे काय झालं तेही मुलाला कळू दे, कारण पेपरात ड्राफ्टची बातमी पहिल्या पानावर होती आणि नंतरची कुठेच नव्हती. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. डॅलसच्या दुय्यम संघाकडून, टेक्सस लेजंड्सकडून, मोजके सामने, थोडी थोडी मिनिटं. मग कॅनडातली लीग. २०१९ मध्ये भारतीय शिबिरात उत्तेजक चाचणीत हायजेनामाइन नावाचं बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि दोन वर्षांची बंदी. आता तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगमध्ये असतो, आपल्या रिंगमध्ये नाही. त्याला मी अपयशी म्हणत नाही. बल्लो केमधून निघून डॅलसपर्यंत पोचणं ही काय चेष्टा आहे? पण सात फूट दोन इंच घेऊन गेलेल्या माणसाचा प्रवास असा झाला. एनबीएत संघ ३०, एका संघात कायम करारावर १५ जण, वर्षाला ड्राफ्टमध्ये साधारण ६० नावं, आणि ती अख्ख्या जगातून. एनबीएतला सगळ्यात कमी पगार २०२४-२५ च्या हंगामात सुमारे साडेअकरा लाख डॉलर होता. जी लीगमध्ये संपूर्ण हंगामाचे चाळीस हजार डॉलरच्या आसपास. मध्ये फक्त एक दार असतं, पण दारापलीकडचं घरच वेगळं.

त्या हायजेनामाइनवरून आठवलं. झाडपाल्यापासून केलेल्या काही सप्लिमेंट्समध्ये ते असतं, डब्यावर दिसेलच असं नाही. तालुक्याच्या जिममधला कुणी 'वजन वाढव' म्हणून डबा हातात ठेवेल. घेऊ देऊ नका. अंडी, शेंगदाणे, दूध, उसळी, घरचं जेवण आणि नऊ तास झोप. वजन बावीसाव्या वर्षापर्यंत आपोआप येतं.

आता माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती तुम्ही लिहिलेली नाही, पण मी पैजेवर सांगते. तुमचा मुलगा शाळेच्या संघात सेंटर खेळतो.

बरोबर ना? सहा फूट तीन इंच म्हटल्यावर सरांनी त्याला रिंगखाली उभं केलं असणार. बॉल वरून द्यायचा, त्यानं वळायचं आणि टाकायचा. समोरची पोरं साडेपाच फुटांची, कुणाचा हात पोचत नाही. सामन्याला वीस-वीस पॉइंट. गावात कौतुक. आणि याच कौतुकानं त्याचं नुकसान चाललंय. कारण सहा फूट तीन इंच ही सांगलीत सेंटरची उंची आहे, भारताच्या सीनियर संघात ती गार्डची उंची आहे आणि परदेशात तर छोट्या गार्डची. विशेष भृगुवंशी सहा फूट चार-पाच इंचांचा आहे, तो बॉल घेऊन पुढे जाणारा, खेळ रचणारा, बाहेरून मारणारा गार्ड. सेंटरला भारतातच अमृतपाल सिंगसारखे पावणेसात फुटांच्या वरचे लोक आहेत. अमृतपाल ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळून आला. त्याच्या हनुवटीला तुमच्या पोराचं डोकं लागेल, तिथे वळून टाकणार कसं?

माझ्या पाहण्यातला एक मुलगा होता, नाव नको. सातवी-आठवीतच सहा फूट. चार वर्षं सगळ्या सरांनी रिंगखाली उभा केला, शाळेला ढाली मिळवून दिल्या. अठराव्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीला आला तेव्हा उंची सहा-दोनवर थांबलेली आणि समोर सहा-सातची दोन पोरं. निवड समितीनं त्याला सांगितलं, गार्ड म्हणून खेळून दाखव. त्यानं उजव्या हातानं बॉल आपटत तीन ढेंगा टाकल्या, समोरच्यानं त्याला डावीकडे ढकललं, आणि डाव्या हातातून बॉल सरळ त्याच्याच बुटावर आपटून बाहेर गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यानं बॉल पासच करून टाकला. पोरगा रडला नाही, नुसता बुटाच्या नाडीकडे बघत बसला. त्याला कुणी डावा हात शिकवलाच नव्हता. गरजच नव्हती ना, रिंगखाली उभं राहायला डावा हात कशाला लागतो?

म्हणून ताई, पुढची दोन वर्षं त्याचा डावा हात आणि त्याचा बाहेरचा शॉट, एवढ्यावरच मी पैज लावेन. त्यासाठी साडेचार लाख लागत नाहीत. शाळेचं सिमेंटचं कोर्ट, एक बरा बॉल आणि एक शंभर पानी वही लागते. सकाळी साडेपाचला कोर्टवर. वीस मिनिटं फक्त डाव्या हातानं ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, चालत, मग धावत, मग खाली न बघता. मग दोनशे शॉट: पन्नास फ्री थ्रो, बाकीचे वेगवेगळ्या जागांवरून, शेवटचे पन्नास थ्री पॉइंटच्या रेषेबाहेरून. ती रेषा रिंगपासून पावणेसात मीटरवर असते. शाळेच्या कोर्टवर पुसली असेल तर टेप घेऊन चुन्यानं आखून घ्या, शाळांमध्ये ती हमखास चुकीची असते. प्रत्येक जागेवरून किती गेले ते वहीत. खोटं लिहिलं तर त्याचं त्यालाच कळेल. पावसाळ्यात कोर्ट ओलं असलं की भिंतीवर पास आणि घरात शेणामातीच्या नाहीतर फरशीच्या जमिनीवर बसून ड्रिबल, सासूबाई ओरडतील तेवढं सहन करायचं. वर्षभरानंतर एकटा असताना बाहेरून शंभरात पस्तीस-चाळीस जायला लागले की मला परत लिहा.

त्याच्या सरांना विनंती करा की मैत्रीच्या सामन्यांत तरी त्याला बॉल वर आणू द्या. सर म्हणतील, हरू. हरू दे. शिवाय थ्री-ऑन-थ्री खेळू दे, जिथे मिळेल तिथे. अर्धं कोर्ट, संघात चार जण, तीन आत आणि एक बाकावर, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, बारा सेकंदांत शॉट टाकावाच लागतो. त्यात रिंगखाली लपायला जागाच नसते. लहान माणसाला बाहेर जाऊन अडवावं लागतं, बॉल हाताळावा लागतो. टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. उंच पोराला शहाणं करायला मला याच्याइतकं स्वस्त औषध दुसरं माहीत नाही.

आणि तुम्ही त्याचा सामना बघायला जा. मिस्टरांची ड्यूटी नसेल तेव्हा त्यांनाही न्या. पॉइंट मोजू नका. बॉल हातातून गेला की तो काय करतो ते बघा: हात पसरून पंचाकडे बघत उभा राहतो की वळून धावत सुटतो? बाकावर बसवलं की टॉवेलात तोंड घालतो की खेळाकडे बघतो? निवड समितीत मी स्वतः काही वर्षं बसलेय. वीस पॉइंटवाली पोरं आम्हाला प्रत्येक जिल्ह्यातून मिळायची. बॉल गेल्यावर पहिली तीन पावलं उलट दिशेनं टाकणारी एका स्पर्धेत दोन-तीन.

जन्मदाखल्याचं: नाही. अजिबात नाही. सरांचा हेतू वाईट नसेल, निम्म्या जिल्ह्यात हे चालतं आणि त्यांना वाटतं आपण मागे का राहायचं. पण वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. त्यात सापडला तर बंदी. नाही सापडला तर आणखी वाईट, कारण मग तो दाखला आयुष्यभर चिकटतो. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक तारीख, खेळाच्या प्रमाणपत्रावर दुसरी, आणि पंचविसाव्या वर्षी भरतीच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून साहेब चष्म्यावरून बघतो. मी असं एक करिअर टेबलावरच संपताना पाहिलंय. शिवाय एक वर्ष लहान पोरांत खेळून तो शिकणार काय? परत रिंगखाली उभं राहणंच. त्याला उलट मोठ्यांच्यात ढकला. संध्याकाळी नोकरीवाली माणसं खेळतात ना कोर्टवर, पोट सुटलेली, कोपर मारणारी? त्यांच्यात.

गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका. एवढ्या झपाट्यानं वाढणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुलांना वाटीच्या खाली, हाड पुढे येतं तिथे दुखतं, तिथे दाबलं की ओरडतात. बहुतेक वेळा वाढ थांबली की ते थांबतं, पण ते तेच आहे की आणखी काही, हे हाडांच्या डॉक्टरनंच सांगायचं. तोवर सिमेंटवरच्या उड्या कमी, आणि दुखत असताना क्रेप बँडेज बांधून सामना खेळवणाऱ्या सरांना तुम्ही आई म्हणून नाही म्हणा. माझे दोन्ही गुडघे असेच गेले. तेव्हा आमच्यात न दुखण्याला शौर्य समजत.

निवडणाऱ्यांनी येऊन मुलाचा शोध घ्यावा अशी वाट बघत बसू नका, तुम्ही विचारत राहा. खेलो इंडियात निवड झालेल्या मुलांना महिन्याला दहा हजार रुपये भत्ता मिळतो, शिवाय प्रशिक्षण. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात महिन्यातून एकदा चक्कर मारा, नोटीस बोर्ड वाचा. बऱ्याच चाचण्यांची बातमी तिथेच लागते आणि तिथेच राहते. बारावीनंतर कॉलेज निवडताना चांगला संघ असलेलं कॉलेज बघा, पुणे, मुंबई, नागपूर, कुठेही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खात्यांची माणसं बसलेली असतात, हातात चहा आणि गुडघ्यावर वही. माझी नोकरी तिथेच ठरली होती, मला मात्र चार महिन्यांनी कळलं.

मुलाशी बोलताना एनबीएचं स्वप्न खोडून काढू नका. त्याला म्हणा, ठीक आहे, जायचंय ना, मग आधी डावा हात दाखव. तो काय म्हणतो ते मला कळवा, उत्सुकता आहे.

राहिले बूट. बारा नंबरच्या पुढचे बास्केटबॉलचे बूट सांगलीत दुकानदार ठेवत नाहीत, खपत नाहीत म्हणून. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या खेळसाहित्याच्या दुकानांत तेरा-चौदापर्यंत मिळतात, ऑनलाइनही मिळतात, पण पहिली जोडी पायात घालूनच घ्या. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय फुगलेला असतो. खेळताना घालतो तेच जाड मोजे बरोबर न्या. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा, टाच मात्र घट्ट. सिमेंटवर मऊ तळ आठ-दहा आठवड्यांत गुळगुळीत होतो, तेव्हा दुकानदाराला 'बाहेरच्या कोर्टसाठी' असं सांगा, कडक रबराचा तळ देईल. ते बूट कॉलेजला घालून जायचे नाहीत, कोर्टवर पिशवीतून न्यायचे, तिथे बदलायचे. आणि एकावेळी दोन जोड्या स्वस्त पडतायत म्हणून घेऊ नका, दिवाळीपर्यंत त्याला पुढचा नंबर लागेल.